ओतिलियाची संध्याकाळची शाळा

आमच्या बर्लाद गावात बाईमाणसानं त्रेचाळिसाव्या वर्षी काय करावं, याबद्दल कुणाचं दुमत नाही. गुडघ्यांना मलम चोळावं, हिवाळ्यासाठी कोबी खारवून ठेवावा आणि परदेशी गेलेल्यांच्या फोनची वाट बघावी. ओतिलियानं शाळेत जायचं ठरवलं. तेही नर्सिंगच्या. तेही नोकरी न सोडता, संध्याकाळी. ही बातमी तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर पोचायला लिफ्ट लागली नाही. लिफ्ट आमच्या जिन्यात कधी नव्हतीच, पण बातम्यांचं त्यावाचून कधी अडलं नाही.

ओतिलिया शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. सगळं तारुण्य तिनं कॉलरींत घातलं होतं. ते शर्ट इटलीला जात, तिथे त्यांच्या मानेवर इटालियन नाव चढे आणि मग ते आमच्याकडच्या कुणाला परवडत नसत. कारखाना बंद पडणार अशी आवई दर वर्षी ईस्टरच्या आधी उठायची आणि ईस्टरच्या जेवणात विरून जायची. यंदा मात्र बाह्यांच्या विभागातली यंत्रं खरोखरच ट्रकमध्ये चढली आणि जी गेली ती गेलीच. मालक म्हणाले, काळजीचं कारण नाही. तेव्हा सगळ्या बायका काळजीला लागल्या.

नर्सिंगचा विचार सगळ्यांना पसंत पडला, हेच खरं दुर्दैव. नवरा व्हिर्जिल बेकरीची गाडी चालवायचा आणि पाव वाटून झाले की दिवसभर मोकळा असायचा. नर्स म्हणजे जर्मनी, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. जर्मनीला अजून व्हिर्जिलचा पत्ता नव्हता, पण व्हिर्जिलनं तिथल्या पगारातून बाल्कनीला काचा बसवून घेतल्या होत्या, न्हाणीघराच्या फरशा बदलल्या होत्या आणि गाडी कुठल्या रंगाची घ्यावी यावर त्याचं स्वतःशीच भांडण चालू होतं.

जिन्याचं, म्हणजे त्या एका जिन्यानं वर जाणाऱ्या सगळ्या बिऱ्हाडांचं, म्हणणं वेगळं होतं. आमच्याकडे प्रत्येक जिन्याला एक नर्स लागते. डॉक्टर इंजेक्शनच्या सुया लिहून देतो, पण रोज दवाखान्यात जाऊन रांगेत कोण उभं राहणार? म्हणून जिन्यातल्या नर्सचं दार वाजवायचं, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ओणवं व्हायचं, आणि जाताना कॉफीचं पाकीट टेबलावर ‘विसरून’ यायचं. आमच्या जिन्यातली नर्स मुलीकडे स्पेनला गेली तेव्हापासून जिना अनाथ झाला होता. चौथ्या मजल्यावरच्या झेनोविया काकूंना कमरेसाठी सुया लिहून दिल्या होत्या आणि त्यासाठी त्यांना शेजारच्या जिन्यात जावं लागे. तो अपमान कमरेपेक्षा जास्त दुखायचा. त्या ओतिलियाला म्हणाल्या, “अगं, आयुष्यभर सुईच तर चालवलीस. आता शर्टाऐवजी माणसं, एवढाच फरक.”

ओतिलियाला नर्स का व्हायचंय, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं असं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिचे वडील गावाकडच्या घरी अंथरुणाला खिळले. ओतिलिया रजा काढून गेली. त्यांना कूस बदलून द्यायची असली की ती दोन्ही दंड धरून ओढायची. म्हातारा कण्हायचा, “हळू गं, पोरी.” ती अजून हळू ओढायची, म्हणजे दुखणं अजून लांबायचं. पाठीला जखमा झाल्या. शेवटच्या दिवशी तालुक्याची नर्स आली. तिनं बोलता बोलता म्हाताऱ्याला एकटीनं कुशीवर वळवलं. म्हाताऱ्यानं हुश्श केलं, असं हुश्श की ओतिलियानं ते तीन आठवड्यांत ऐकलं नव्हतं. नर्सला पुढच्या गावी जायचं होतं, ती निघून गेली. हे कसं केलंस, एवढं विचारायचं राहून गेलं. रात्री म्हातारा गेला. ओतिलियाला दुःखापेक्षा लाज जास्त वाटली आणि ती अजून तशीच वाटत होती. हजारो अनोळखी इटालियनांच्या माना तिनं नीट बसवल्या होत्या, आणि स्वतःच्या बापाला कुशीवर वळवणं तिला जमलं नव्हतं. तिला ते शिकायचं होतं. बाकी जर्मनी व्हिर्जिलची.

शाळा मात्र निवडायची होती, आणि पगारात बसेल अशी. जिल्ह्याच्या गावी एक स्वस्त शाळा होती. तिचे वर्ग आठला सुटायचे आणि शेवटची बस साडेसातला सुटायची. त्या शाळेतले विद्यार्थी कुठे झोपतात, हे ओतिलियाला कळलं नाही.

मग मॉलमधली शाळा. ही दुसऱ्या मजल्यावर, फोनचं दुकान आणि बुटांचं दुकान यांच्या मधोमध. दारात प्लास्टिकचा सांगाडा होता आणि त्याच्या गळ्यात शाळेचा टाय. आतल्या मुलीनं ओतिलियाला खुर्ची दिली, कॉफी दिली, चकचकीत पत्रक दिलं. गेल्या वीस वर्षांत कुणी तिच्याशी इतकं गोड वागलं नव्हतं, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. फी हप्त्यानं भरायची. हप्ता पगाराचा चांगला मोठा लचका तोडणारा होता, पण ती मुलगी म्हणाली, हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. महिन्यातून दोन शनिवार यायचं, आणि नाही जमलं तरी काही बिघडत नाही.

“आणि रुग्णालयातलं काम?” ओतिलियानं विचारलं. “ते कुठे शिकवता?”

“त्याची काळजी तुम्ही करू नका,” मुलगी म्हणाली. “आमचे एक डॉक्टर आहेत, ते सही करतात.”

“कशावर?”

“तुम्ही काम केल्याच्या कागदावर.”

म्हणजे रुग्णालयात न जाता रुग्णालयातला अनुभव. ही सोय ऐकून ओतिलियानं पत्रक परत पहिल्यापासून वाचायला घेतलं. त्या मुलीला वाटलं, गिऱ्हाईक भारावलं. तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं की या शाळेत आजवर कुणी नापास झालेलं नाही. ते अगदी खरं होतं. कुणी येतच नसे, तर नापास कोण होणार?

व्हिर्जिलला ही शाळा अतिशय आवडली. त्याच्या मते शिक्षणानं असंच असायला हवं, माणसाच्या पायात न येणारं. गावात एक सरकारी शाळाही आहे आणि ती फुकट आहे, हे त्याला ओतिलियानं सांगितलं, पण फुकट वस्तूवर त्याचा विश्वास नव्हता. शिवाय सरकारी शाळेत शरीरशास्त्राची प्रवेश परीक्षा होती. “या वयात तू यकृत आणि प्लीहा पाठ करत बसणार?” तो म्हणाला. “जर्मन लोक कागद बघतात, ओती. यकृत त्यांच्याकडे आहे.” जिन्याचं मतही मॉलच्या बाजूनं पडलं, कारण ती शाळा लवकर संपेल असं वाटायचं. झेनोविया काकूंची कंबर काही सरकारी शाळेची तीन वर्षं थांबणार नव्हती.

सरकारी शाळेत कॉफी मिळाली नाही. खिडकीमागची बाई सँडविच खात होती आणि ते संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग तिनं वेळापत्रक सांगितलं. सोमवार ते बुधवार, चार ते आठ, वर्ग. गुरुवार आणि शुक्रवार, सकाळी सातपासून, गावातलंच मोठं रुग्णालय.

“पण ही संध्याकाळची शाळा आहे ना?” ओतिलिया म्हणाली.

“शाळा संध्याकाळची आहे,” बाई म्हणाली. “आजारी माणसांना अंघोळ सकाळीच घालतात.”

ओतिलियानं वेळापत्रक उतरून घेतलं. ओतिलिया घरी आली ती डोकं धरूनच. कारखान्यात दोन पाळ्या. एक आठवडा सकाळी सहा ते दोन, दुसरा आठवडा दोन ते दहा. संध्याकाळच्या पाळीला वर्ग बुडणार, सकाळच्या पाळीला रुग्णालय. दोन्ही जमवायचं तर आठवड्याचे पहिले तीन दिवस सकाळी आणि शेवटचे दोन दिवस दुपारी काम करायला हवं होतं. मुकादम कॉर्नेलिया बाईंनी तिचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की यंत्र रिकामं दिसता कामा नये, त्याच्यावर ओतिलिया बसते की पोप बसतो याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. तेव्हा तू आणि कीवा आपसांत बघून घ्या.

इथेच सगळं संपलं असं ओतिलियाला वाटलं, कारण कीवा म्हणजे तिची शत्रू.

पारास्किवा तिचं नाव, सगळे कीवा म्हणत. ओतिलियाच्या यंत्रावरची दुसऱ्या पाळीची बाई. अकरा वर्षं त्या दोघी एका खुर्चीवर बसत होत्या आणि अकरा वर्षांत त्यांनी एकमेकींशी ‘ऊठ’ याखेरीज फारसं काही बोललेलं नव्हतं. कीवा उंच, ओतिलिया ठेंगणी. एकीनं उठताना खुर्ची वर करून ठेवायची, दुसरीनं बसताना शिव्या देत खाली करायची. खण उघडला की कीवाच्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं निघायची. बदला म्हणून ओतिलिया दोऱ्याची रिळं शिवून संपत आलेलीच ठेवून जायची. युद्धं यापेक्षा लहान कारणांवरून झाली आहेत आणि यापेक्षा लवकर संपली आहेत.

अशा बाईकडे जाऊन मागायचं काय, तर बुधवारी रात्री दहाला सुटून गुरुवारी पहाटे परत कामावर येशील का. दर आठवड्याला. तीन वर्षं. व्हिर्जिलनं हे ऐकलं आणि तो पोट धरून हसला. मग म्हणाला, मॉलचा पहिला हप्ता मी माझ्या भावाकडून आणतो. ओतिलियाला त्या क्षणी होकार द्यावासा वाटला. ती खरंच दमली होती. पण तिनं मनात त्या डॉक्टरची सही बघितली आणि सहीखाली वडील पडलेले दिसले, हळू गं पोरी म्हणणारे.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर ती अक्रोडाचा गोड पाव घेऊन गावाबाहेर कीवाच्या घरी गेली. कीवा अंगणात कोंबड्यांमध्ये बिया सोलत बसली होती. तिनं पावाकडे बघितलं, ओतिलियाकडे बघितलं.

“खुर्चीचं भांडण घरापर्यंत आणलंस?”

ओतिलियानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाळ्या सांगितल्या, रुग्णालय सांगितलं. वडिलांचं सांगायचं नव्हतं, पण तेही तोंडातून निघून गेलं. कीवा टरफलं थुंकत राहिली.

“शाळा कुठली? मॉलमधली?”

“नाही. सरकारी.”

“खरं सांग. मॉलमधली असली तर एक तास बदलून देणार नाही.”

“त्यांच्याकडे कुठे रुग्णालयात जावं लागतं?” ओतिलिया म्हणाली. “तिथे जाणार असते तर तुझ्या दारात कशाला आले असते?”

हे कीवाला पटलं. तिनं स्टूल पुढे सरकवलं. तिची मुलगी लाव्हिनिया त्याच मॉलमधल्या शाळेत शिकलेली. पहिल्या वर्गात पास. सगळेच पहिल्या वर्गात पास. कीवानं त्यासाठी गाय विकली होती. आता लाव्हिनिया इटलीतल्या एका वृद्धाश्रमात नर्स होती, पांढऱ्या गणवेशातला तिचा फोटो घरात येशूच्या शेजारी लावलेला. गल्लीत सगळे कीवाचा हेवा करत.

“रोज फोन करते,” कीवा म्हणाली. “आणि रडते. म्हणते, आई, म्हाताऱ्यांना हात लावला की ओरडतात. मला येत नाही. आणि विचारू कुणाला? माझ्याकडे कागद आहे.”

तिनं हातातल्या बिया कोंबड्यांपुढे टाकल्या. मग कीवानं मोजा खाली करून पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा दाखवल्या.

“बघितल्यास?”

“बघितल्या.”

“आणि तरी मागतेस.”

“मागते.”

“खुर्ची माझ्या उंचीला राहील.”

“राहू दे.”

“आणि तिथे जे शिकशील ते मला दाखवायचं. सांगायचं नाही, दाखवायचं.” एवढं म्हणून कीवानं पाव उचलून आत नेला.

प्रवेश परीक्षेसाठी ओतिलियानं यकृत पाठ केलं, प्लीहा पाठ केली, आणि दोनशे सहा हाडांपैकी बरीचशी. व्हिर्जिल पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायचा आणि उत्तर बरोबर आलं की दुखावल्यासारखा दिसायचा. यादीत तिचं नाव शेवटून तिसरं लागलं. यादी लागली त्याच संध्याकाळी झेनोविया काकू सुई, औषधाची बाटली आणि कोबीच्या भरल्या पानांचं ताट घेऊन दारात हजर झाल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत स्टुलावर ओणव्या झाल्या. ओतिलियानं त्यांना हात धरून सरळ केलं आणि सांगितलं की शाळा अजून सुरूही झालेली नाही. काकू म्हणाल्या, मग प्रवेश कशाचा मिळाला? ओतिलिया बधली नाही. काकूंनी ताट परत नेलं. पुढचे कित्येक महिने जिन्यात असं बोललं जात होतं की शिक्षणानं माणूस चढतो, आणि ही तर अजून शिकलेलीही नाही.

पहिल्या गुरुवारी तिला रुग्णालयात वयस्क पुरुषांच्या खोलीत उभं केलं. शिकवणारी नर्स जाडजूड, घाईत असलेली आणि मुळीच गोड नव्हती. खिडकीजवळ एक म्हातारा होता, जुना रेल्वे कामगार, सगळ्यांवर डाफरणारा. “याला डाव्या कुशीवर घ्यायचंय,” नर्स म्हणाली. ओतिलियानं पुढे होऊन त्याचे दंड धरले. “सोड,” नर्स म्हणाली. “माणूस आहे, गोणी नाही.” मग तिनं दाखवलं. आधी त्याला सांगायचं की आता वळवतेय. त्याचं तोंड आपल्याकडे. लांबचा हात छातीवरून अलीकडे आणायचा. लांबचा गुडघा दुमडायचा. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे. आणि ओढायचं नाही, आपणच मागे झुकायचं. “कर आता तू,” ती म्हणाली आणि म्हाताऱ्याला परत उताणं केलं.

ओतिलिया मागे झुकली. म्हातारा आपसूक तिच्याकडे वळला, दार उघडावं तितक्या सहज. त्यानं हुश्श केलं आणि शिवी द्यायची विसरला.

ओतिलिया हात धुवायला म्हणून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. तिला आनंद झाला नव्हता. तिला संताप आला होता. एक गुडघा दुमडायचा होता फक्त. चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात शिकता येण्याजोगी गोष्ट, आणि तिच्या बापानं तीन आठवडे कण्हत काढले.

दुपारी दोनच्या आधी ती कारखान्यात पोचली. कीवा यंत्रावर होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आदल्या रात्री चार तास झोपली असेल-नसेल. ऊठ असं कुणी म्हणायच्या आतच ती उठली.

“काय शिकवलं?”

ओतिलियानं कापड बेतायच्या लांब टेबलाकडे बोट दाखवलं. “आडवी हो.”

कीवा चपला काढून टेबलावर आडवी झाली. दोन्ही पाळ्यांच्या बायका गोळा झाल्या, कुणीतरी विचारलं, हिला काय झालं. कीवानं झोपल्या झोपल्या खिशातून फोन काढला, इटलीला लावला आणि शेजारच्या बाईच्या हातात दिला. “नीट धर. माझं तोंड नको, तिचे हात दिसू देत.” पडद्यावर लाव्हिनिया आली, पांढऱ्या गणवेशात, कुठल्याशा भिंतीला टेकून, डोळे सुजलेले.

ओतिलियानं सकाळी शिकलेलं सगळं क्रमानं सांगितलं. हात. गुडघा. खांदा, कंबर. मग ती मागे झुकली आणि तिच्याहून हातभर उंच, अकरा वर्षांची वैरीण अलगद तिच्या कुशीत वळली. त्या मॉलमधल्या शाळेचं पहिलं प्रात्यक्षिक अशा रीतीनं, पदवी हातात पडल्यावर वर्षभरानं, कॉलर विभागात पार पडलं. कॉर्नेलिया बाई यंत्र रिकामं का म्हणून ओरडत आल्या आणि गर्दीच्या मागे उभ्या राहून बघू लागल्या.

पडद्यावर लाव्हिनियानं फोन डोळ्यांजवळ आणला.

“एवढंच?” लाव्हिनिया म्हणाली.

“एवढंच,” ओतिलिया म्हणाली.

“मावशी, परत एकदा दाखवाल? हळू.”

कीवा परत उताणी झाली.